अडसर

"साहेब, अडसर कुठं जाणार?" रामभाऊ सुतारानं दाराआडून विचारलं, आणि महेंद्रला प्रश्नच कळला नाही.

दुपार कलत होती. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या नव्या घराचं पुढचं दार नुकतंच चौकटीत बसलं होतं. दोन झडपांचं, सागवानी, चार माणसांना घाम फोडणारं दार. त्यावर पितळेचे टोकदार खिळे, नऊ ओळी, दर ओळीत तेरा. महेंद्र सकाळपासून अंगणात उभा राहून त्या दाराकडे बघत होता. पुढे येऊन, मागे जाऊन, मान वाकडी करून. काम सुरू झाल्यापासून त्याची उभं राहायची जागा ठरलेली होती, तीन पायऱ्यांच्या खाली, थोडी डावीकडे. नकाशा काढणारा अभिजीत आर्किटेक्ट एकदा हसून म्हणालाही होता, 'काका, घरात पण या कधीतरी.' महेंद्रला तेव्हा त्यात टोचण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"कसला अडसर?"

दोन झडपांच्या फटीतून रामभाऊचं डोकं बाहेर आलं. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. "कसला म्हणजे? दाराचा. एवढं मोठं दार लावल्यावर आतून आडवा वासा नको? तो भिंतीतून बाहेर ओढायचा, दार उघडायचं तर परत भिंतीत ढकलायचा. त्याला भिंतीच्या पोटात दाराएवढं लांब भोक लागतं. भिंत रचतानाच ठेवतात ते. तुम्ही ठेवलंच नाय." त्यानं आतल्या भिंतीवर टकटक केली. "तुमच्या वाड्याला असणार की. सकाळी ढकलला की अख्ख्या घराला ऐकू जायचा. घर्रर्र, घर्रर्र, मग ठाप."

रामभाऊनं तो आवाज तोंडानं काढला. हा आवाज महेंद्रला पाठ होता. पन्नासहून जास्त वर्षं तो त्याच्या कानात होता, तापात असताना यायचा, कारखान्यात एखादी जड ट्रॉली फरशीवरून ढकलली की यायचा. फक्त तो कशाचा, हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यानं चौतीस वर्षं माल तपासायचं काम केलं. दुसऱ्यांच्या चुका केसाच्या जाडीत पकडल्या. त्याचा शेरा असल्याशिवाय पेटी गेटबाहेर जात नसे. आणि स्वतःच्या घराच्या भिंतीतलं चार फुटांचं भोक तो विसरला होता. विसरला म्हणणंही खोटंच, कारण विसरायला आधी माहीत असावं लागतं.

साताऱ्याकडच्या त्या गावात थंडीच्या सकाळी आई सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन पुढे चालायची आणि तो मागे. बाप, बबन, तेव्हा अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात होता आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. तरुणपणी धम्मदीक्षा घेतलेला माणूस. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यावी लागणारी त्याची पत्रं यायची, त्यांत एक वाक्य ठरलेलं असे, वाड्याच्या त्या दारात उभी राहू नकोस. आई म्हणायची, "पत्रानं चूल पेटत न्हाई." बापानं उल्हासनगरच्या कॅम्पातून महेंद्रसाठी चपला आणल्या होत्या, निळ्या पट्ट्यांच्या. इनामदारांच्या वाड्याचा कोपरा आला की आई न बोलता त्या हातात घ्यायला लावायची. मग पायऱ्यांच्या खाली, थोडं डावीकडे, मोळी टेकवून दोघं उभे राहायचे. दार बंद असायचं. थंडगार माती तळव्यांना चावायची आणि पोरगं करायला काही नाही म्हणून खिळे मोजायचं. तेरा नव्वे एकशे सतरा हे त्याला शाळेच्या आधीपासून येत होतं, ते असं आलं. आणि मग दाराआडून तो आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो आईच्या लुगड्याला बिलगला होता. "काय ते?" आई हसून कुजबुजली होती, "वाडा खाकरतोय. आता दार उघडंल." मग आतून एक बाई विचारायची, "कोण आहे?" आणि आई म्हणायची, "म्या हाय जी." नाव कधी सांगावं लागलं नाही. मग वितीएवढं दार उघडायचं, त्यातून एका खांबाचा तळ दिसायचा, झोपाळ्याची एक कडी, आणि वरून आईच्या पदरात जोंधळा पडायचा. वाड्याचं आत म्हणजे एवढंच, एक वीत.

"होता ना तुमच्याकडं?" रामभाऊनं परत विचारलं. त्याचा काही दोष नव्हता. सहा महिने महेंद्र सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, 'आमच्या गावचा वाडा होता, तसं घर हवंय.' वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. वाडा गावचा होता आणि गाव आमचं होतं. ऐकणारे त्यातून 'आमचा वाडा' ऐकत, मान डोलावत, आदरानं एक खुर्ची पुढे सरकवत, आणि महेंद्र बसत असे. अभिजीतनं विचारलं होतं, 'चौक किती बाय किती होता, काका?' तेव्हा तो म्हणाला होता, 'आतलं तू तुझ्या पद्धतीनं कर, मला पुढचा भाग हुबेहूब पाहिजे.' म्हणून पुढून घडीव दगडाचं जोतं, कौलांची उतरण, कोरीव तुळया, आणि आत शिरलं की बदलापुरातल्या कुठल्याही फ्लॅटसारखा हॉल, सीलिंगला पीओपी, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला सोफा. बायको यशोधरा म्हणाली होती, 'दार मराठा काळातलं आणि आत दोन बेडरूम हॉल किचन.' तो हसला होता. खिळे घ्यायला गेला तेव्हा कॅम्पातला सिंधी दुकानदार म्हणाला होता, 'साईं, एक सौ सतरा कौन लेता है? एक सौ बीस ले जाओ.' महेंद्रनं तीन खिळे परत काढून ठेवले होते. एवढा चोख माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"रामभाऊ," तो म्हणाला, आणि आपला आवाज फार बारीक निघाला असं त्याला वाटलं. "तो वाडा आमचा नव्हता. मी तो बाहेरूनच बघितलाय. इथून, एवढ्याच अंतरावरून."

रामभाऊ दाराबाहेर आला आणि वरच्या पायरीवर बसला. राजापूरकडचा माणूस, सत्तरीला टेकलेला. त्यानं तंबाखूची डबी उघडली, परत बंद केली. बराच वेळ तो खिळ्यांकडे बघत होता. "मला वाटलंच होतं थोडं," तो म्हणाला. "आतल्या माणसाला खिळे कुठं आठवतात? तो रोज आतली बाजू बघतो." मग थोड्या वेळानं म्हणाला, "माझा बाप वाड्यांची कामं करायचा. आम्ही आत जायचो, पार देवघरापर्यंत. पण काम चालू असेतोवर. वास्तुशांत झाली की मग आम्हाला पण पडवीतच पान वाढायचे. तेव्हा आतलं मला ठाव आहे, पण अर्धवट घराचं." त्याचं आणि महेंद्रचं एकच झालं असं तो म्हणत नव्हता, तेवढी समज त्याला होती. भिंतीकडे हात करून त्यानं एवढंच सांगितलं, "उजवीकडं कॉलम आहे, तिथं काही होणार नाय. डावीकडची भिंत फोडावी लागेल. नाहीतर आतून साधी कडी ठोकून देतो. लोकांना काय कळतंय?"

महेंद्र उद्या सांगतो म्हणाला आणि स्कूटर काढली. बदलापूर सुटलं, अंबरनाथ आलं, एमआयडीसीच्या नाक्यावर पाळी सुटलेली माणसं रिक्षांत कोंबली जात होती आणि हवेत तो नेहमीचा आंबूस वास होता. या वासात त्याचा बाप झिजला, तो स्वतः झिजला, आणि त्या झिजण्यातून हे घर उभं राहिलं. घर आईसाठी होतं. हे तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की ते फार मोठं वाटायचं. जनाबाई ब्याऐंशी वर्षांची होती, कॅम्प चारमधल्या खोलीत पन्नास वर्षं राहत होती, आणि तिला त्या दारातून आत जाताना बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पौर्णिमेला गृहप्रवेशाची बुद्धवंदना ठेवली होती, पंधरा दिवसांवर. पण घर कसं आहे हे त्यानं आईला सांगितलंच नव्हतं. बंगला आहे म्हणाला होता. तिचे गुडघे, रस्त्यावरचे खड्डे, अशी कारणं काढून तो तिला एकदाही तिकडे घेऊन गेला नव्हता, आणि का नेलं नाही ते आज स्कूटरवर त्याला कळत होतं. त्याला भीती वाटत होती. आई दारासमोर उभी राहील आणि पायरी चढणारच नाही. थोडी डावीकडे सरकून, हात पदरात घेऊन उभी राहील. पंधरा वर्षं पै पै साठवून आपण आईसाठी पुन्हा तेच दार बांधलं, तेच बंद, तेच खालून दिसणारं. आत जाणाऱ्या माणसासाठी जे लागतं ते तेवढं राहून गेलं.

खोलीत जनाबाई ताटात पावटे सोलत बसली होती. महेंद्र तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं एक शेंग उचलली.

"आई, इनामदारांच्या दाराआड सकाळी आवाज व्हायचा. आठवतो?"

"खाकरायचा," ती वर न बघता म्हणाली.

"तो अडसर होता."

"मंग? मला म्हाईत न्हाई व्हय? आवाजावरनं कळायचं कोन ढकलतंय. म्हातारी दोन दमात ढकलायची, सून एका दमात. म्हातारी असली की जुंधळा कमी पडायचा."

महेंद्रला हसू आलं नाही. "मग मला का नाही सांगितलंस? खाकरतोय काय, काहीतरीच."

"तू येवढासा. तुला काय सांगू, ते लाकूड आपल्यासाठी लावत्यात म्हनून?" तिनं दोन दाणे ताटात टाकले. "आपल्या खोपटाला फळकुट व्हतं, त्येबी कुत्रं ढकलायचं. अडसर कळला असता तर रडला असतास न्हाईतर मागितला असतास."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आईला काही कळत नव्हतं, म्हणून ती तिथं उभी राहू शकत होती. तिला सगळं कळत होतं. कळत असून ती उभी राहत होती, वर त्याला गोष्ट रचून देत होती. त्यानं शेंग हातातच चुरगळली आणि एका दमात सांगून टाकलं. "आई, मी नव्या घराला तसंच दार केलंय."

जनाबाईचा हात थांबला. बाहेर कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला, बंद केला. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही, तो तिच्या अंगठ्याच्या हिरव्या पडलेल्या नखाकडे बघत राहिला.

"खिळं किती?"

"एकशे सतरा."

"आन अडसर?"

"राहिला. भिंतीत भोकच ठेवलं नाही."

"आतलं ठाव नसलं की ऱ्हातंच," ती म्हणाली. पुन्हा शेंग उचलली, सोलली, साल बाजूला टाकलं. "अडसर कर. मंग येते मी. त्याबिगर न्हाई."

"का पण?"

"पावटं शिजाया टाकायचं हायेत. ऊठ."

दुसऱ्या दिवशी भिंत फोडायला सुरुवात झाली. यशोधरा शाळेतून परस्पर हेंद्रेपाड्याला आली तेव्हा हॉलभर लाल धुरळा होता आणि तिनं हौसेनं लावून घेतलेला रंग जमिनीवर पडला होता. त्याच भिंतीत टीव्हीच्या वायरी होत्या, दिव्यांची बटणं होती. वायरमन तोंड वाकडं करून सगळं वर सरकवत होता. मग तिनं पदरानं नाक झाकून त्या लांबट खाचेत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आपल्याला कुणाला बाहेर ठेवायचंय?"

"आई म्हणाली," महेंद्र म्हणाला.

"आईंना विचारलंत का म्हणून?"

"विचारलं. पावटे म्हणाली."

यशोधराला हसू आलं, ते तिनं धुरळ्यावर ढकललं आणि खोकत बाहेर गेली. पण तिचा प्रश्न हॉलमध्येच राहिला. पुढचे आठ-दहा दिवस तो महेंद्रबरोबर होता. भिंत फुटत होती आणि तो आतल्या बाजूला उभा राहून बघत होता, पहिल्यांदाच आत. आतून दार साधं होतं, उभ्या फळ्या, आडव्या पट्ट्या, आणि खिळ्यांची मागची टोकं ठोकून वाकवलेली. इनामदारांची म्हातारी रोज हेच बघत असणार. तिला एकशे सतरा हा आकडा माहीतही नसेल. याचा त्याला राग यावा की कीव, ते ठरेना. बाप या घराला काय म्हणाला असता, याचाही विचार त्याच्या मनात यायचा. बापानं एका वाक्यात सगळं सांगून ठेवलं होतं आणि महेंद्रनं त्याच दारात उभं राहण्यासाठी जन्म घालवला होता. रामभाऊनं ऐनाच्या लाकडाचा अडसर तासला, चार वेळा रंधा मारला, मेण घासलं. वाशाच्या टोकाला ओढायला एक पितळी कडी बसवली. "बघा ओढून," तो म्हणाला. महेंद्रनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "पहिल्यांदा आई ओढेल."

पौर्णिमेच्या सकाळी मंडळी अकराला यायची होती. हॉलमध्ये टेबलावर पांढरं कापड अंथरून बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला होता, मेणबत्त्या काढून ठेवल्या होत्या. नऊ वाजता रिक्षा फाटकाशी थांबली आणि यशोधराच्या हाताला धरून जनाबाई उतरली. पांढरं लुगडं, नवं करकरीत. महेंद्र पुढे झाला. अंगणात ती थांबली आणि तिनं वर बघितलं. ती डावीकडे सरकते का, एवढंच महेंद्र बघत होता. तिनं दार पाहिलं, कौलं पाहिली, मग पायऱ्या.

"पायऱ्या बुटक्या केल्यास. बरं केलंस," ती म्हणाली आणि यशोधराचा हात सोडून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, वर चढून गेली. उंबऱ्याशी तिनं चपला काढल्या, बाजूला नीट लावल्या. आत पाऊल टाकून ती वळली. "समदी भायेरच ऱ्हावा." रामभाऊ आत फुलांचा हार लावत होता, त्यालाही तिनं बाहेर काढलं. मग एकेक झडप दोन्ही हातांनी ढकलत तिनं दार लावून घेतलं.

बाहेर तिघं उभे होते. शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली. आणि मग दाराआडून तो आवाज आला, घर्रर्र, थांबून पुन्हा घर्रर्र, थांबून पुन्हा, तीन दमांत, आणि ठाप. महेंद्रला मातीचा गारवा जाणवला, सरपणाचा वास आला. लागलेल्या दाराकडे बघता बघता डोळे आपोआप वरच्या ओळीवर गेले आणि मनात एक, दोन, तीन सुरू झालं.

आतून आवाज आला. लांबवलेला, वरचा, आईचा नसलेला. "कोण आहे?"

त्याच्या जिभेवर जे आलं ते 'जी' होतं. त्यानं ते गिळलं. रामभाऊ खाली मान घालून उभा होता, यशोधरानं तोंडावर पदर घेतला होता.

"मी," महेंद्र म्हणाला.

"मी कोन?" हा मात्र आईचाच आवाज होता, दमलेला, धाप लागलेला.

"महेंद्र." मग त्यानं परत सांगितलं, शाळेत हजेरीला सांगायचा तसं पूर्ण. "महेंद्र बबन बनसोडे."

अडसर हलला नाही. तिला ढकलवत नाही की काय, म्हणून रामभाऊ दोन पावलं पुढे झाला. तेवढ्यात वाडा पुन्हा खाकरला, सावकाश, उलट्या दिशेनं, आणि दोन्ही झडपा उघडल्या, वीतभर नव्हे, पार भिंतीला टेकेपर्यंत. मधोमध जनाबाई उभी होती. तळहात लाल झाले होते, छाती भात्यासारखी हलत होती, डोळ्यांना पाणी होतं आणि ते ती पुसत नव्हती. तिनं महेंद्रकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे, मग हातांकडे.

"हातात काय हाय तुझ्या?"

महेंद्रनं खाली बघितलं. तो तीन पायऱ्यांच्या खाली होता, थोडा डावीकडे, अनवाणी, आणि चपला त्याच्या उजव्या हातात होत्या. त्या कधी काढल्या ते त्याला आठवेना.

"पायात घाल," जनाबाई म्हणाली. "आन घालूनच वर ये. हितं दारात आल्यावर काढ."